आत्तीने दुरुस्त केलेले पिक्चर

सत्तरच्या दशकात तासगावच्या टॉकीजला जेवढे पिक्चर लागले, त्यांतले निम्मे माझ्या आत्याने दुरुस्त केलेले आहेत, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. ज्यांनी ते काढले त्यांना याची कल्पना नाही, आणि असती तर त्यांनी तिचे आभार मानले असते, असे मला आजही वाटते. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली ती कायमची. सगळे गाव तिला आत्तीच म्हणे. अक्षरओळख नव्हती, पण बाजारच्या दिवशी यष्टीने तासगावला जायचे, मिरच्या, लसूण घ्यायचा आणि तीनचा खेळ बघून यायचे, हा तिचा नेम कधी चुकला नाही. वडील कुरकुरत, पण आत्तीसमोर नाही.

टॉकीजमध्ये ती बाकावर मांडी घालून बसे आणि पडद्यावरच्या माणसांशी बोले. "आगं, मागं बघ की! दाराआड हाय त्यो!" असे ती ओरडली की अख्खा बायकांचा भाग हिरॉइनला सावध करायला लागायचा. तिची मते ठाम होती आणि त्यांना कुठे अपील नव्हते. एका पिक्चरमध्ये हिरो-हिरॉइन गाणे म्हणत शाळवाच्या उभ्या पिकातून धावले. तेवढ्यावरून तो हिरो तिच्या मनातून उतरला तो उतरलाच. पुढे त्याने आंधळ्या आईसाठी प्राण पणाला लावले तरी आत्ती विरघळली नाही. "कणसं तुडवणारा त्यो, आईला काय संभाळतोय!" दुसऱ्या एकात खलनायक मेला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि आत्ती मात्र हळहळली. त्याचा ऊस तिला फार आवडला होता. "एवढा पांढराफेक तुरा आलाय, आता तोडायचा कुणी?" हिमालयात नाचणाऱ्या नट्या तिला मुळीच पसंत नव्हत्या, आणि रडणारे हिरो तर नाहीतच. फौजेतून सुट्टीवर आलेला आमचा शेजारी एकदा म्हणाला, "आत्ती, जवान बी रडत्यात गं." त्यावर तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "तू रड की. त्यो पैसं घिऊन रडतूय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आळीतल्या बायका निवडण-टिपण घेऊन जमत आणि आत्ती पिक्चर सांगे. पटलेला पिक्चर ती जसाच्या तसा सांगे, अगदी पावसाचा आवाजसुद्धा. एका पिक्चरमध्ये म्हातारी सासू शेवटी सुनेपुढे आपली चूक कबूल करते, तो तिने वर्षभर सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पण जो पटला नाही तो ती सांगता सांगता नीट करे. हरवलेला भाऊ उगीच मेला असेल तर तिच्या सोप्यात तो जगायचा. धाकटीचे लग्न दिग्दर्शक विसरला असेल तर आत्ती ते मांडवासकट लावून द्यायची. हे आम्हा घरच्यांनाही माहीत नव्हते. आम्ही समजायचो, पिक्चर असेच असतात.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. सांगलीच्या कॉलेजात सर शोकांतिका शिकवत होते, तेव्हा मी उभा राहून विचारले, "सर, ती शेवटी वाचली असती तर काय बिघडलं असतं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हा प्रश्न तुला कुणी शिकवला?" मी अभिमानाने सांगितले, "आत्यानं."

मी पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट. शेजारच्या शांताला सासरच्यांनी माहेरी आणून सोडले होते. नवरा विट्याकडचा, लांब मद्रासला सोने गाळायच्या दुकानात असे. घरात कुरबुर झाली, सासूने काहीबाही पत्राने कळवले आणि त्याने विचारपूससुद्धा केली नाही. शांता परसदारी बसून राही. बोलत नसे, धड जेवत नसे. तिची आई आमच्याकडे येऊन पदराने डोळे पुसायची. म्हणायची, "आत्ती, हिरीवर पाण्याला धाडायचं भ्या वाटतंय बगा." तेव्हापासून शांताला कुणी एकटीला पाण्याला पाठवत नव्हते.

त्याच आठवड्यात तासगावला एक कौटुंबिक पिक्चर लागला. घरातून हाकललेल्या धाकट्या सुनेची गोष्ट. आत्ती बघून आली आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम शांताला हाताला धरून सोप्यात बसवून तिने तो सांगितला. सून विहिरीच्या काठावर येते, आत वाकून बघते, आणि, आत्ती म्हणाली, "पाण्यात सोताचं तोंड दिसलं तिला. म्हनली, ह्या तोंडानं कुनाचं काय वाईट केलंय? आन फिरली की माघारी!" मग ती शिवण शिकते, मशीन घेते, गावाच्या चोळ्या शिवते. एक दिवस नवरा दारात येतो, तेव्हा ती मान वर न करता म्हणते, "बसा भाईर. हातातलं झालं की बगू." आणि तो बसून राहतो, आणि ती काही बाहेर येत नाही. बायकांनी असा शेवट कधी ऐकला नव्हता. चौथ्या दिवशी शांता शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली.

पण बायकांना आता तो पिक्चर बघायचाच होता. आत्तीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पिक्चरपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. "लय गर्दी हाय. बाकं मोडल्याती. आन रंगीत बी न्हाई त्यो." कुणी ऐकले नाही. माझ्या चुलत्याने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, आळी भरून बसली, शांता सगळ्यात पुढे. मी सुट्टीला आलेला होतो, मीही चढलो. वाटेत आत्ती एकदाही बोलली नाही. मला वाटले, उन्हाने डोके दुखत असेल.

विहिरीचा प्रसंग आला. सून काठावर आली, आत वाकली. आमच्या आळीच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत म्हणाल्या, "आता बग, आता फिरंल." ती फिरली नाही. पाण्याचा आवाज झाला. मग नवरा काठावर डोके आपटून रडला, आणि पडद्यावर 'समाप्त' आले. दिवे लागले तरी कुणी उठेना. मग शांताची आई एकदम उभी राहिली. "शेवट कुठाय? माघारी फिरती ती रीळ कुठं ठिवली तुमी?" झाले! सगळ्या बायका दाराशी, टॉकीजचे मालक मध्ये. "रीळ कापली ह्यांनी! मशीन घेती ती रीळ दाखवा आदी!" मालक गयावया करू लागले, "आवं माय, रीळ कापून मी काय कालवण करू तिचं? हाय ती सगळी दावली की!" खेळ चालवणारा माणूस वरून डबे घेऊन खाली आला आणि एक एक उघडून दाखवू लागला. बायकांचा त्यावरही विश्वास बसेना.

शांता बाकावरून उठलीच नव्हती. ती मोकळ्या पडद्याकडे बघत होती. आत्तीने तिच्याकडे पाहिले. मग ती गर्दी बाजूला सारत मालकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ह्यांना बोलू नगा. ती रीळ न्हाईच. ती मी केली."

कुणीतरी विचारले, "म्हंजी? आजवरचं समदं?"

"न पटल्यालं तेवढं," आत्ती म्हणाली.

मालकांनी कपाळाला हात लावला. "आत्ती, आवं मला मार बसला असता की वो!"

परतताना ट्रॉलीत आत्ती मागच्या फळीला टेकून बसली होती, तोंड दुसरीकडे करून. तासगाव मागे पडले, द्राक्षाच्या बागा गेल्या, आणि पुढून शांताचा आवाज आला.

"आत्ती, तुमच्या पिक्चरमदली ती मशीन कसली घेती वो? हाताची का पायाची?"

आत्तीने तोंड पुढे वळवले. "पायाची," ती म्हणाली. "पायाचीच घेती."

त्यानंतर सोप्यातली गर्दी कमी झाली नाही, फक्त बायका आधी विचारून घेत, "ही गोष्ट त्यांची का तुमची?" आणि आत्ती विचारी, "कुठली पायजे?" त्यांची कुणी मागितल्याचे मला आठवत नाही.

शांताने दोन सुग्यांनंतर पायाची मशीन घेतली. आणि एका सकाळी खरोखरच तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला, वाळलेला, हातात पिशवी घेतलेला. शांताने मान वर केली नाही. "बसा," म्हणाली. तो जोत्यावर बसला. आत्ती आमच्या दारात उभी राहून बघत होती, पण पडद्याशी बोलणारी माझी आत्या त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. दुपारपर्यंत मशीनचा आवाज येत होता. मग तो थांबला. शांता बाहेर आली, नवऱ्याला म्हणाली, "मशीन बी यील," आणि दोघांनी मिळून ती बैलगाडीत चढवली.

आत्तीच्या मनातला शेवट असा नव्हता. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बायका जमल्या आणि म्हणाल्या, "आत्ती, शांताचं सांगा की." मी कान देऊन ऐकत होतो, आता ती काय काय बदलते म्हणून. तिने सगळे जसे घडले तसे सांगितले, आवाज खाली आणून, एक शब्द इकडचा तिकडे न करता.