चंद्रावरचा बांध

ठाण्याच्या पोलीस कचेरीत मला सकाळी नऊला बोलावलं होतं. बा आठ वाजताच येऊन पायरीवर बसला होता.

कल्याणपलीकडे लष्करासाठी दारूगोळा तयार करणारा एक सरकारी कारखाना होता. तिथे कारकून म्हणून माझी निवड झाली होती, फक्त पोलीस चौकशीचा कागद यायचा राहिला होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावाने देवळात नारळ फोडला होता. ही नोकरी हुकली तर त्या माणसांना काय तोंड दाखवायचं, या विचाराने मला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं.

"धीट बोल," बा म्हणाला. "मी इथंच हाय."

आत साहेबांच्या टेबलावर माझा अर्ज होता आणि त्याच्या शेजारी आमच्या कॉलेजचं हस्तलिखित मासिक. ते पाहून मी चक्रावलोच. मग उलगडा झाला. नौपाड्यात मी ज्यांच्याकडे राहत होतो, त्या काकूंकडे चौकशीला हवालदार येऊन गेला होता. "मुलगा भारी गुणी हो, गोष्टीसुद्धा लिहितो!" असं म्हणत काकूंनी मोठ्या कौतुकाने अंक त्याच्या हातात दिला होता.

त्या अंकात माझी एक गोष्ट होती. ताऱ्यांपर्यंत जहाजं नेणाऱ्या लोकांची एक वस्ती एका उजाड चंद्रावर आहे. शत्रू कित्येक पिढ्यांत कोणी पाहिलेला नाही, तरी प्रत्येक घराने एक माणूस पहाऱ्याला द्यायचाच असा तिथला कायदा. प्रमुखाच्या घरालाही सूट नाही. तट फुटला तर सगळ्यांचीच हवा जाणार, म्हणून राखणही सगळ्यांची. गोष्टीसोबत मी त्या तटाचा नकाशा काढला होता.

"हा नकाशा तुमचाच?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"चारी बाजूंना तट. एकीकडे तटाला लागून काळा समुद्र. सात चौक्या." त्यांचं बोट कागदावरून सावकाश फिरत होतं. "त्या कारखान्यालाही चारी बाजूंना भिंत आहे आणि एकीकडे नदी. कोणी नेलं होतं तुम्हाला तिथे?"

"कोणी नाही. साहेब, ती चंद्रावरची गोष्ट आहे. काळा समुद्र म्हणजे आकाश. सगळं कल्पनेतलं."

"कल्पनेतल्या चौक्यांमध्ये एकशे चाळीस पावलं, एकशे बारा पावलं? कल्पनेत मोजायला गेला होतात?"

पावलं मी खरोखरच मोजली होती, अनवाणी. नकाशा आमच्या गावच्या मिठागराचा होता. उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी चढलं की बांध फुटून सगळं मीठ वाहून जायचं, म्हणून सात घरांची सात माणसं आपापल्या जागी उभी राहत. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, माणूस बांधावर हजर हवा. माझ्या चंद्रावरचं सैन्य ते हेच.

एवढं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'शेती' लिहिलं होतं. कॉलेजात एकदा बा मला भेटायला आला, तेव्हा मिठाने चिरलेले त्याचे पाय पाहून कोणीतरी हसलं होतं. तेव्हापासून मी सगळीकडे शेतीच लिहीत आलो होतो. अर्जाच्या तळाशी छापलेलं होतं, खोटी माहिती दिल्यास निवड रद्द. खाली माझी सही.

"बाहेर कोण बसलंय?"

"माझे वडील."

"बोलवा त्यांना."

बा हात जोडून आत आला. साहेबांनी काही न सांगता नकाशा त्याच्यापुढे सरकवला. "हे काय आहे, ओळखता?"

बाला अक्षर येत नव्हतं. त्याने कागद उचलला, जरा पाहिला आणि हळूच फिरवून टेबलावर ठेवला. खरी खाडी ज्या अंगाला होती, त्याच अंगाला काळा समुद्र आला.

"यो आमचा मिठागर, सायेब," तो म्हणाला. "ही उघाडी. फळी वर केली का भरतीचं पानी आत येतं. आन इथं मी उभा रातो. बांध पयला इथंच फुटतो." त्याने ठिपके मोजले. "सात. बरोबर हाय."

"म्हणजे तुम्ही काय काम करता?"

"मीठ काडतो. माझा बापबी तेच करायचा."

साहेबांची नजर अर्जावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला नाही. त्या उपकाराची आठवण मला आजही आहे. अर्ज माझ्याकडे फिरवून त्यांनी टाक पुढे केला.

"खोडा. खरं लिहा. बाजूला सही करा. पुढचं वरून ठरेल."

मी लिहिलं: मिठागरावर मजुरी.

दीड महिन्याने कागद आला आणि मी कामावर रुजू झालो. पण त्या सकाळी हे ठाऊक नव्हतं. बाहेर पडताच बा झपाझप चालू लागला. पुनव होती, दुपारी उधाण येणार होतं.

"काय खोडलंस रं तू आत?" त्याने वाटेत विचारलं. "बांधावर सांगतो," मी म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही.

बांधावर आमच्या जागी पोचलो तेव्हा पाणी हातभर खाली होतं आणि चढत होतं. तिथे मी त्याला सांगितलं, की सगळ्या कागदांवर मी तुला शेतकरी केलं होतं.

बाने पायाने बांध चाचपला. मग म्हणाला, "शेतकरी? मना नांगर धरता येत नाय रं, पोरा. पुसलं असतं कोनी तर फजिती झाली असती माझी."

तो हसला, पण लगेच वाकला. त्याच्या पायाशी बांध ओला झाला होता.

"इथं झिरपतंय. चिखल आन, लवकर."

मी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि चिखलात हात घातले.