दत्तादादा आणि उत्तरेची भिंत

शुक्रवारची सुट्टी, मी पोहे करत होते. फोनवर दत्तादादांसोबत अल सद्दच्या फ्लॅटमध्ये राहणारा ड्रायव्हर होता. "मॅडम, दादा झोपेतून उठलेच नाहीत..." एवढंच त्याला सांगता आलं. दोह्यातल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात दत्ता धोत्रे ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांची वरिष्ठ. वयानं मात्र त्यांच्या पुतणीएवढी.

इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं चारशे वर्षांचं दगडी घर आमच्या वाट्याला आलं होतं. तिथल्या कंपनीनं फोटो आणि मापं पाठवायची, आम्ही इथे एसीत बसून नकाशे करायचे. आम्ही नुसते सांगकामे. दादा मात्र फलटणकडच्या पाथरवटाचे चिरंजीव, ते त्या घरात शिरूनच बसले. छपरावर कौलांऐवजी दगडी फरश्या होत्या, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत गेलेल्या. त्यांनी एकेक ओळ मोजून काढली. "ओझं कुठं पेलतं ते ह्यांना कळत होतं बघा, ताई," म्हणाले. मामाच्या घराबद्दल बोलावं तसं बोलता, म्हणून मी चिडवायचे. ते खूश व्हायचे.

मग उत्तरेची भिंत आली. दोन्ही अंगांनी घडीव दगड, मध्ये भराव, आणि दोन्ही अंगं बांधून धरणारे आरपार दगड कुठे दिसेनात. मापांत भिंत चार बोटं बाहेर आलेली. दादा म्हणाले, "भिंत चुन्याची, आणि दगडांमधल्या दरजा भरल्यात सिमेंटनं. आत गेलेलं पाणी निघणार कुठून? पोट सुटलंय हिचं." आतल्या फोटोत त्याच भिंतीला लागून लहान मुलाची कॉट होती. दादांनी भिंत होती तशी फुगलेली काढली आणि शेजारी इशारा लिहिला. मुदत संपत आली होती. आपलं काम नकाशापुरतं, रेघ सरळ करा, असं मी म्हटलं... इशारा मीच खोडला. "तुम्ही म्हणताय तर करतो," म्हणाले, आणि रेघ सरळ केली. नकाशे गेले, यल्ला, चला, पुढचं काम. तीन आठवड्यांत दादा गेले.

शवपेटी गावी पोचल्यावर मी तो इशारा त्या कंपनीला कळवला. काम पूर्ण झालं आहे, आभारी आहोत, असं उत्तर आलं. घरमालकाचा पत्ता मागितला, तो दिला नाही. आमच्या कागदांवर घराचं नावही नाही, नुसता नंबर आहे. आणखी दोन मेल पाठवल्या आणि हात टेकले. चारशे वर्षं उभं असलेलं घर उद्याच पडणार नाही, हे मलाही कळतं. ती भिंत किती दिवस तग धरेल हे विचारावं, तर ज्यांना सांगता आलं असतं तेच नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. दादांच्या कपड्यांची बॅग पोचली, एवढंच सांगायला केला होता. मग म्हणाल्या, "रोज फोनवर त्या घराचंच सांगायचे. म्हनायचे, ताईंच्या कानावर घातलंय, त्या बघतील. पोराची ती कॉट सरकवली का हो त्यांनी?"

"सरकवली, वहिनी," मी म्हणाले.