चेअरमनचा बंपर आणि आमच्या गल्लीचा टँकर

दूध संघाच्या चेअरमननं मला फसवलं. मी त्याला नाही. हे आधीच सांगतो, कारण चौसाळ्यात आता उलटंच सांगतात.

त्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली आणि संघाचं दूध आटलं. रिकामे टँकर पाणी वाहू लागले. कुठल्या गल्लीला पाणी द्यायचं ते चेअरमन ठरवायचा. आमच्या गल्लीकडं टँकर फिरकला नव्हता.

एका सकाळी त्याची गाडी माझ्या गॅरेजपुढं थांबली. पुढचा बंपर एका बाजूनं आत गेलेला. दुपारी मंत्री दुष्काळ पाहायला येणार होते आणि त्यांच्यापुढं हीच गाडी धावणार होती.

"मिस्त्री, किती येळ लागंल?"

"लई न्हाई. पैसे नको साहेब, टँकर पाहिजे. आजच, आमच्या गल्लीला."

"दारात उभा करतो तुमच्या. आधी गाडीचं बघा."

प्लास्टिकचा बंपर ठोकत बसायचा नसतो. उकळतं पाणी ओतायचं, नरम पडला की आतून हातानं ढकलायचा आणि लगेच गार पाणी मारायचं. रंगसुद्धा उडत नाही. मी घरातला प्यायच्या पाण्याचा हंडा उचलला. बायको म्हणाली, "टँकर येईस्तोवर लेकरांनी काय प्यावं?" मी तिच्यावरच खेकसलो. सौदा पक्का होता ना.

चेअरमनचा चहा संपायच्या आत बंपर टप्पकन बाहेर आला. त्यानं चावी मागितली, मी दिली.

एरवी माझी रीत अशी की, गिऱ्हाइकानं शब्द पाळेपर्यंत गाडी चाकं काढून दगडांवर ठेवायची. पण एवढ्या झटपट कामात चाकं काढायला कारण काय सांगणार? जुन्या पद्धतीनं दुपारपर्यंत ठोकाठोक करत बसलो असतो तर टँकर न मागता आला असता.

संध्याकाळी टँकर आमच्या गल्लीपुढून गेला आणि चेअरमनच्या मेहुण्याच्या मोसंबीत रिकामा झाला. मी संघाच्या ऑफिसात गेलो.

"हंडाभर पाण्यात काम केलं अन् टँकर मागतो व्हय बे?" चेअरमन म्हणाला. भोवतालचे हसले.

"काम झालं न्हाई का? मग कावून न्हाई देत?"

"गरम पाणी ओतायला मिस्त्री कशाला लागतो? आमची म्हातारीबी ओतंल."

तेव्हापासून गावात मीच लबाड ठरलो.

मंत्र्यांनी तो बंपर पाहिला, पाहणी झाली, फोटो निघाले. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र त्या रात्रीही घागरी घेऊन हायवेच्या ढाब्यावर गेल्या. आमच्या वाट्याचा टँकर मोसंबीला कुणाच्या हुकमानं गेला, हे चेअरमननं संघाच्या या सभेत उभं राहून सांगावं. मी सभासद आहे. उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.