उरलेली वीस पावलं

गाडी सुरू करण्याआधी मामा बॉनेटवर उलटा हात ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते ना, तसा. मग म्हणायचे, "ताप न्हाई. बसा." सकाळच्या थंड गाडीला ताप कुठून असणार? पण हात ठेवल्याशिवाय त्यांनी किल्ली फिरवलेली मी पाहिली नाही.

तुमच्याही गावात असा एखादा गाडीवाला असेल. आमचे मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. वालूरजवळच्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीत, आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. दारात लिंबाखाली जुनी पेट्रोलची मोटार उभी. नामांतराचे मोर्चे निघत, बंद पुकारले जात, त्या दिवसांत गावातले जीपवाले वस्तीत यायला कां-कूं करायचे. "उद्या बघू," म्हणायचे. अडलेली बाई उद्यापर्यंत थांबते का? विंचू चावलेला, तापानं फणफणलेला, जो असेल त्याला मामांची गाडी सेलूच्या दवाखान्यात न्यायची. वस्तीला दुसरं वाहन नव्हतं.

गावाबाहेर ओढा ओलांडला की एक चढ लागतो. भरलेली गाडी तिथं दमायची. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात यायची आणि कण्हत वर जायची. जीपवाले बाजूनं हॉर्न वाजवत पुढं निघायचे. एखादा मुंडकं बाहेर काढून विचारायचा,

"मामा, उतरून ढकलू का?"

"ढकल की. पण तुझी जीप बंद पडली म्हंजी मलाच सांगावा येतोय, ध्यानात ठीव."

असं बोलायचे खरं, पण त्यांना ते लागायचं. सेलूच्या एका मिस्त्रीनं त्यांना सुचवलं की हेड घासून घ्या. हेड म्हणजे इंजिनावरचं लोखंडी झाकण. ते खालून घासून पातळ केलं की आतली हवा आणि पेट्रोल जास्त दाबलं जातं, ताकद वाढते. जोडीला मोठा कार्बोरेटर बसवायचा. "गाडी हरणासारखी पळंल," मिस्त्री म्हणाला. मामा कोणाच्या नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे नव्हते. "मिस्त्रीला काय, त्याला घासायलाच पायजे," म्हणाले.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. त्यांनी गाडीत ज्वारीची चार पोती भरली. पुढच्या पोत्याला मामींचं जुनं लुगडं गुंडाळलं. "ही नवरी. बाकीचे वऱ्हाडी. लय गुणाचे हायत, बोलत न्हाईत, गाडीत ओकत न्हाईत." मग मला शेजारी बसवून चढ चढले. तिसरा गिअर जिथं दम सोडी तिथं उतरून रस्त्याच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढायचा. पहिला पट्टा मैलाच्या दगडापाशी पडला.

मग त्यांनी दोन दिवस गाडी उघडली. प्लग साफ केले, कार्बोरेटर धुतला, चाकांत हवा नीट भरली, टपावरचा गंजलेला जड कॅरियर काढून टाकला. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच पोती, तीच नवरी. दुसरा पट्टा पार बाभळीपाशी पडला. मी टाळ्याच वाजवल्या. बाभळीपासून माथ्यापर्यंत मामांनी चालत मोजलं. वीस पावलं.

"आता पुरं की," मामी म्हणाल्या. "वीस पावलांसाठी म्हातारीचं पोट फाडता काय?"

इथवर सगळं बरोबर होतं. इथंच सोडलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर आले. मी परभणीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होतो, शनिवारी घरी यायचो. वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मामा मला अहो-जाहो करायचे, अर्धं थट्टेनं.

"काय कालेजवाले, तुमचं सायन्स काय म्हणतंय?"

"पुस्तकात आहे मामा. दाब वाढला की शक्ती वाढते." मी वहीत आकृतीसुद्धा काढून दाखवली.

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. "परदेशातल्या ट्रकला म्हणं इंजिनात हवा कोंबायचं चाक असतंय. आपल्या गाडीला तसलं काय न्हाई. ती आपल्याच छातीनं दम घेती. झेपंल हिला?"

मला माहीत नव्हतं. मी इंजिन आतून कधी पाहिलं नव्हतं. पण मला आजवर कोणी मोठ्या माणसानं असं काही विचारलंच नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली.

"झेपेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऐकलं, गाडी सेलूला मिस्त्रीकडं गेली. मिस्त्रीचं न ऐकणारा, पोती भरून चढ मोजणारा माणूस माझ्या एका शब्दावर गेला होता.

मे महिन्यात, भर दुपारी, शेजारच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिची सासू आणि ती मागं, मी पुढं. नव्या ताकदीची गाडी चढाला लागली. मैलाचा दगड गेला. बाभळ गेली. तिसराच गिअर! मी मामांकडं पाहून हसलो. मामा हसत नव्हते, कान लावून ऐकत होते. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. मग एक धाडकन दणका, निळा धूर, आणि गाडी माथ्यावर जाऊन उभी राहिली ती राहिलीच. पिस्टनला भोक पडलं होतं. झिजलेलं इंजिन, भेसळीचं पेट्रोल आणि ते ऊन, यांचा हिशोब माझ्या आकृतीत नव्हता.

बाई ओरडत होती. मामा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. वालूरहून येणारी एसटी त्यांच्या छातीपासून हातभरावर थांबली. कंडक्टरनं मागचा बाक रिकामा केला. सेलू यायच्या आत एसटीतच मुलगी झाली. दोघी वाचल्या.

गाडी बैलांनी ओढत आणली. दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती. त्या रात्री मी मामांकडं गेलो. मी काही म्हणायच्या आत तेच बोलले, पहिल्यांदाच अरे-तुरेत.

"तू पुस्तकातलं खरं सांगितलंस. गाडी किती म्हातारी हाय हे पुस्तकाला कसं कळंल? ते मला ठाऊक व्हतं. आन हे बघ, तू सांगितलंस म्हणून कुणाला बोलायचं न्हाई. मिस्त्रीनं केलं म्हणायचं. न्हाई तर उद्या वस्तीत कोण पोराला कालेजात घालंल?"

मी गप्प राहिलो. दीड वर्ष. मामा पाथरीला दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर झाले. वस्तीतली आजारी माणसं बाजेवर घालून सडकेपर्यंत न्यावी लागत. मी ते पाहायचो आणि परभणीला परत जायचो.

मागच्या थंडीत मामा पाथरीच्या स्टँडवर बसल्याजागी गेले. निरोप आला तेव्हा माझी परीक्षा चालू होती, मातीला पोहोचू शकलो नाही. मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. बुद्धवंदना झाली. वस्तीतला शिकलेला म्हणून चार शब्द बोलायला मलाच उभं केलं. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. ते वाचता आलं नाही. मी म्हणालो, "गाडीचं हेड घासायला मामांना मीच सांगितलं होतं. मला काही कळत नव्हतं, तरी सांगितलं."

वाटलं, आता कोणीतरी उठून शिवी देईल. कोणी उठलं नाही. कोणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

"बस बाळा," मामी म्हणाल्या. "आमाला पयल्या दिशीच ठाऊक व्हतं. यांनीच समद्यांना गोळा करून सांगितलं. म्हणले, पोरगं आपलं हाय, मन लावून शिकायलंय. त्याच्याम्होरं गाडीचं नाव काढायचं न्हाई."

मी आलो की ओट्यावरची बोलणी थांबायची, ती आठवायला लागली. बाज उचलणाऱ्यांनी मला दर वेळी हटकून विचारलेलं, "परीक्षा कधी हाय?" दीड वर्ष मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि अख्खी वस्ती माझ्यापासून.

मी बसायला जागा शोधू लागलो. खाली बायकांच्या कडेला ती शेजारची सून बसली होती, मांडीवर एसटीत जन्मलेली मुलगी. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. नुसती लेकीला घेऊन सरकली, आणि सतरंजीवर मला जागा केली.