लवादाची दाढ

माझी ताई माणसं चेहऱ्याने ओळखत नाही. सरकारी इस्पितळात दातांची डॉक्टर म्हणून तिचं आयुष्य गेलं आणि खुर्चीत आडवी झालेली माणसं तिला कायम डोक्याकडून, उलटीच दिसतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ती गोंधळते. तो हसला की मग म्हणते, "अरे, वरची डावी! आता काही त्रास नाही ना?" असं माणूस कुणी भांडणात पुढे करू नये. आम्ही डॉक्टरांनी केलं.

भांडण इस्पितळाच्या प्रशासनाशी होतं, विश्रांतीचं. मी त्याच इस्पितळात भूल देते. रात्रभर जागायचं आणि सकाळी पुन्हा ऑपरेशनला उभं राहायचं, ही आमची रीत. कधी कधी पेशंटच्या आधी मलाच झोप लागेल की काय, अशी भीती वाटते. माझी लेक आईचं चित्र काढते ते डोळे मिटलेलं. रात्रपाळीनंतरची सकाळ सुट्टीची असावी, एवढंच आमचं मागणं होतं. आम्हाला संपाची बंदी, म्हणून प्रकरण लवादाकडे गेलं. नावांची यादी येते, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक नाव खोडायचं, शेवटी उरेल तो लवाद. तो जे ठरवेल ते दोघांवर बंधनकारक. वर कुठे दाद मागायची सोय नाही.

उरले ते एक निवृत्त न्यायाधीश. सुनावणीत ताई आमच्या बाजूने बोलली, आणि चांगली बोलली. तिचं झाल्यावर न्यायाधीशांनी प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना विचारलं, "रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत तुम्ही तुमच्या मुलांना बसवाल का?" अधिकारी पाणी प्यायले. शेजारी बसलेल्या आमच्या सर्जनने मला कोपरखळी मारली. मला तर त्याच रात्री घरी जाऊन लेकीला सांगावंसं वाटत होतं.

जेवणानंतर न्यायाधीशांना जांभई आली. चांगली मोठी, हात आडवा धरायचं विसरून दिलेली. ताई उरलेले मुद्दे मांडायला पुन्हा उभी होती, ती बोलता बोलता थांबली.

"साहेब, तुमची खालची उजवी दाढ मी केलीय."

कुणालाच काही कळेना.

"रूट कॅनाल. बरीच वर्षं झाली. मला आत्ता दिसलं. दोन्ही बाजूंना हे माहीत असायला हवं."

न्यायाधीशांनी गालाला हात लावला. "तरीच आवाज ओळखीचा वाटत होता. चेहऱ्यावर मास्क होता तुमच्या."

प्रशासनाचं काय, आंधळा मागतो एक डोळा! त्यांनी लगेच हरकत घेतली. लवाद बदलला. नव्या लवादाने कागद वाचले, मान डोलावली आणि निकाल दिला: आहे तेच चालू राहील, पुढची तीन वर्षं.

"हातातोंडाशी आलेला घास घालवला," सर्जन म्हणाला. ताईने सगळं ऐकून घेतलं. मी मात्र घरी येऊन भांडले. "त्याने जांभई दिली तेव्हा खिडकीबाहेर बघायला काय झालं होतं तुला?"

"उघडं तोंड दिसलं की मी बघतेच गं."

मी अबोला धरला. रक्ताचं नातं आणि एकच इस्पितळ, त्यामुळे तो फार टिकला नाही. राग मात्र टिकला.

पुढे एका सकाळी, रात्रपाळी संपवून ऑपरेशनआधी टेकायला मी तिच्या खोलीत गेले. खुर्चीत तेच न्यायाधीश. दुसऱ्या बाजूची दाढ ठणकत होती. काम झाल्यावर चूळ भरून ते हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशी माझं मन ठरलं होतं. तुमच्या बाजूने."

ताई म्हणाली, "दोन तास काही चावू नका."

ते गेले. ती नळाखाली हत्यारं धूत राहिली, धुतलेलीच पुन्हा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं बोलले मी, आणि जागतेस तू. मला रात्रपाळी नसतेच. माझ्या खिशातून काय गेलं?"

हेच तिला सुनावायचं म्हणून मी किती दिवस दातओठ खात होते. ते आता तीच म्हणाली. "पुन्हा तशी वेळ आली तर?" मी विचारलं.

"सांगेनच," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

 खुर्ची अजून मागे झुकलेलीच होती, मी तिच्यात आडवी झाले. ताईने डोक्यावरचा दिवा बंद केला. बाहेर रांग होती. संपाचं नुसतं नाव काढलं तरी 'ठणकणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं?' म्हणणारी माझी ताई दाराशी गेली. डोळे मिटता मिटता मला ऐकू आलं.

"जरा थांबा. आत माझी बहीण झोपलीय."