आत्मारामच्या छातीत काय होतं

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही कधी सांगितली नाही. ती गेली बिचारी, न ऐकताच. तुम्हाला सांगतोय—का, ते विचारू नका.

त्या काळी विमा कसा मिळायचा, ठाऊक आहे? आधी डॉक्टर छाती ऐकायचा, जीभ बघायचा. मग एजंट आपलं मत कळवायचा. आणि तिसरा कागद यायचा तो अर्जदाराच्या मित्राला—खासगी, गुप्त. हा माणूस पितो का? खोकतो का? फार दिवस जगेल असं तुम्हाला वाटतं का? मुंबईतले साहेब माणूस बघतच नसत. हे तीन कागद बघायचे आणि ठरवायचे.

आत्मारामनं मित्र म्हणून माझं नाव दिलं. आम्ही दोघं लोणखेड्याचे, एका वर्गातले. मी शाळामास्तर झालो. आणि तो, माझ्या पाटीवरचं बघून गणितं उतरवणारा गडी, शहाद्याच्या कापसाच्या जिनात मोठा कारकून! नवी सायकल, पांढरा कोट. माझ्या दारावरून जाताना घंटी वाजवायचा—प्रेमानं वाजवायचा हो. मला मात्र ती टोचायची.

'खोकला' या प्रश्नापुढं मी लिहिलं—दर हिवाळ्यात महिना-महिना खोकतो. खोटं होतं का? नव्हतं. पण हंगामात जिनात कापूस उडतो आणि तिथला प्रत्येक माणूस खोकतो, हे मला माहीत होतं. ते लिहिलं नाही. 'दीर्घायुष्य' यापुढं लिहिलं—शंका वाटते. कसली शंका? मत्सर होता, दुसरं काही नाही. अक्षर मात्र अगदी वळणदार काढलं.

कंपनीनं नकार कळवला. कारण दिलं नाही, देत नसत. मी घाबरलो, मुंबईला लिहिलं की माझ्याकडून चूक झाली. उत्तर आलं—निर्णय झालेला आहे. दुसरी कंपनी? तिच्या अर्जातही प्रश्न असायचाच—आजवर कुणी तुम्हाला नाकारलं आहे का? एकदा नाकारला की संपलं.

आत्माराम माझ्याकडं आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "शंकर, तू ते चांगलंच लिखेल व्हई. मंग मन्हा छातीमाच काहीतरी शे."

तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलं—आणि चहा घेतोस का, विचारलं.

त्या दिवसापासून तो मरणाची वाट बघायला लागला. सायकल विकली. दोन डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. त्याला वाटलं, लपवताहेत. आणि आपले डोळे मिटायच्या आत पोरीचे हात पिवळे करायचे म्हणून एकुलत्या एका मुलीचं, सुमनचं, तेराव्या वर्षीच लग्न ठरवलं, अक्कलकुव्याला. ती माझ्याच शाळेत होती, गणितात माझ्यापेक्षा हुशार. एका वाक्यात मी ते लग्न थांबवू शकत होतो. किती दिवस ते वाक्य जिभेवर होतं! नाही निघालं. मी मांडवात उभा राहून अक्षता टाकल्या.

पहिल्याच बाळंतपणात पोर गेली.

आत्माराम ठणठणीत होता. माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "मरनार मी व्हतू. गयी मन्ही पोर."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, देवाच्या मनापुढं कुणाचं चालतं?—मी म्हणालो हे. माझ्या तोंडानं.

त्यानं पटल्यासारखी मान डोलावली.