भोपळा, खुकुरी आणि व्याहीबुवांची पट्टी

भोपळ्यात रुतलेली सुरी तशीच सोडून मी दार उघडायला गेले. भोपळा अर्धा चिरून झाला होता असं म्हटलं तर देवाघरी खोटं बोलल्याचं पाप लागेल. सुरी अर्धी आत गेली होती आणि तिथंच हट्ट धरून बसली होती. पुढं जाईना, मागं येईना. आतल्या खोलीत नातीने भुकेने घर डोक्यावर घेतलं होतं. तिला नुकतंच वरचं सुरू केलं होतं आणि उकडून कुस्करलेल्या भोपळ्याशिवाय बाईसाहेबांच्या घशाखाली दुसरं काही उतरत नव्हतं.

दारात व्याहीबुवा. म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. खांद्याला कापडी पिशवी, अंगाला मशीनच्या तेलाचा वास आणि डाव्या तर्जनीला नेहमीची पट्टी.

"विहीणबाई, आज एक उतरवली बरं का!" चपला काढायच्या आधीच त्यांनी बातमी दिली.

"या, बसा," मी म्हटलं. "आणि बाकीच्या?"

"हळूहळू. भिंतीलाही सवय व्हायला हवी."

ही भिंत कोणती आणि तिला सवय कसली, हे कळायचं तर आधी व्याहीबुवा कळायला हवेत.

हा माणूस आयुष्यभर विजेचे मीटर वाचत फिरला. दार वाजवायचं, "मीटर" एवढंच म्हणायचं, आत शिरायचं, भिंतीकडे मान वर करून बघायचं, आकडा टिपायचा आणि कुत्रं सुटायच्या आत बाहेर पडायचं. गावातलं घरन् घर त्यांनी पाहिलं, पण पाहिलं काय, तर भिंत. कुणी बसा म्हटलं नाही. कुणी पाणी विचारलंच तर बिल इतकं कसं आलं हे विचारण्याआधीची ती पायरी असायची. माझा आपला कयास असा, की निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं : आता लोकांनी आपल्या घरी यावं आणि मान वर करून आपल्या भिंतीकडे बघावं. पण बघण्यासारखं तिथं काही हवं ना! होता तो फक्त आमच्या विहीणबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोटो. त्या बिचाऱ्या कधीच देवाला प्रिय झाल्या, आणि त्यांच्या फोटोकडे बघायला मुद्दाम कोण येणार?

अशात नेपाळला फिरून आलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना एक खुकुरी भेट दिली. झालं. माणसाला नाद लागायला निमित्त पुरतं.

खोटं कशाला बोलू, वस्तू देखणी. पातं पुढं झुकलेलं, जणू चालता चालता काहीतरी उचलायला वाकलंय. मूठ म्हशीच्या शिंगाची, काळी, तुळतुळीत, हातात धरली की थंडगार. मुठीजवळ पात्याला एक छोटीशी खाच, तिला कौडी म्हणतात. मुख्य म्यानाच्या मागे आणखी दोन पिटुकली पाती खोचलेली, एक बारीकसारीक कापायला, दुसरं धार लावायला. दोन पोरं पाठुंगळी घेतलेल्या आईसारखी ती खुकुरी दिसते. आणि हे सगळं हाताने घडवलेलं. ट्रकचे जुने पाटे तापवून, ठोकून, घासून. एकीसारखी दुसरी नाही. माझ्या समईवरही हातोडीचे ठोके दिसतात, म्हणून मला ते कळतं. यंत्रातून निघालेल्या वस्तूला मी कधी निरखून बघितलेलं आठवत नाही.

पण नाद म्हटला की त्याला प्रवचन चिकटतंच. पहिल्याच भेटीत आमचे हे भिंतीकडे बघून म्हणाले, "व्याही, चाकू छान आहे हो." व्याहीबुवांचा चेहरा असा पडला की जणू कुणी त्यांच्या मुलाला जावई करून घ्यायला नकार दिला. पुढचा सगळा चहा ते रुसून प्याले. तेव्हापासून आमच्या घरात खुकुरी हा शब्द देवाच्या नावासारखा नीट उच्चारतात.

एकदा आमच्याच टेबलावर त्यांनी धार कशी कडक करतात ते करून दाखवलं. "तिथला लोहार लालबुंद पातं असं धरतो, आणि किटलीने नुसत्या धारेवर पाणी सोडतो. अख्खं बुडवत नाही! धार कडक, पाठ मऊ. म्हणून तुटत नाही." त्यांनी एका हातात माझं लोणी लावायचं पातं धरलं आणि दुसऱ्या हाताने चहाची किटली कलती केली. ह्यांनी चपळाईने मांडी बाजूला घेतली.

"कळलं हो व्याही," हे म्हणाले. "धार कडक झाली. चहा मात्र टेबलक्लॉथने घेतला."

पण सगळ्यात मोठा समारंभ असायचा तो खुकुरी म्यानातून काढण्याचा. आलेल्या पाहुण्याला आधी भिंतीसमोर उभं करायचं. मग बोटांची शिकवणी. "म्यान कधीही धारेच्या बाजूने मुठीत धरायचं नाही. पाठीकडून धरायचं, असं. का? म्यान कितीही चांगलं असलं तरी ते चामडं आणि लाकूड. धार ती धार." पाहुणा मान डोलवायचा. मग आवाज खाली यायचा. "आणि एक लक्षात ठेवा. एकदा बाहेर आलेली खुकुरी रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही."

एवढं बोलून व्याहीबुवा खिडकीकडे तोंड करायचे, खांदे एकदा उडायचे, तोंडातून "स्स" असा आवाज यायचा, आणि वळायचे तेव्हा तर्जनीला पट्टी. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी. मीटर वाचणाऱ्याकडे जन्मात कुणी असं बघितलं नसेल.

ज्या डोंगरात खुकुऱ्या घडतात तिथले लोक रोज हिनेच लाकूड फोडतात, भाजी चिरतात, हेही व्याहीबुवाच सांगायचे आणि त्याच दमात सांगायचे. "मग रोज भाजी चिरणारी बाई रोज बोट कापून घेते की काय?" ह्यांनी एकदा विचारलं. व्याहीबुवांनी नुसता पट्टीवरून हात फिरवला. घरी येताना हे मला म्हणाले, "इंजेक्शन बघितलं की ह्या माणसाला चक्कर येते. आणि हा रोज रक्त देतो? तुझ्या देवालाच विचार."

मी देवाला असल्या गोष्टी विचारत नाही. त्याला कामं आहेत.

भिंत भरत गेली. मुठी हाडाच्या, लाकडाच्या, पितळेच्या. विहीणबाईंचा फोटो सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारावर गेला. लेकीने सगळं खपवून घेतलं, कारण सासरा मायाळू. सुनेला कधी चढ्या आवाजात बोलला नाही, आणि नात छकुली जन्मल्यापासून तर त्याचे सगळे नाद विरघळून एक झाला. सकाळी उठल्यावर आधी छकुली, मग खुकुऱ्यांना तेल. छकुलीला मांडीवर घेऊन ते भिंतीवरच्या एकेकीची ओळख करून द्यायचे. ती त्यांचा चश्मा चावायची.

मग छकुली रांगायला लागली, आणि एका दुपारी भिंतीतला खिळा सुटला.

छकुली तिथून नुकतीच सरकली होती. खुकुरी खाली आदळली ती नेमकी तिच्या चादरीवर. लेकीने पोर उचलली, बॅग भरली आणि आमच्याकडे आली. जावई कामानिमित्त परगावी. त्यांनी फोनवर "तुम्ही दोघं ठरवा" एवढं शहाणपण दाखवलं. लेकीचं ठरलेलंच होतं. "ज्या दिवशी भिंत रिकामी, त्या दिवशी छकुली घरी."

"अगं, पण ती म्यानात होती!" व्याहीबुवा आमच्या दारात येऊन म्हणाले. "म्यानातली खुकुरी म्हणजे पाळण्यातलं बाळ. कुणाला काही करत नाही."

"बाबा, खिळा सुटला."

"मी उंचावर लावतो. ती रांगते, उडत तर नाही?"

"छकुली उडत नाही. खुकुरी पडते."

तेव्हापासून हे असं चाललं होतं. ते रोज यायचे, नातीला घ्यायचे, तहाचा एखादा नवा मसुदा मांडायचे. काचेचं कपाट करू. खिळ्याऐवजी स्क्रू मारू. भिंतीसमोर दोरी बांधू, संग्रहालयात असते तशी. लेक ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "भिंत?" आणि ते उठायचे. जिना उतरताना त्यांची पाठ बघवायची नाही. घरात एकटा माणूस, समोर भिंतभर हत्यारं, आणि ज्याला दाखवायचं ते माणूस आमच्याकडे चमचा आपटतंय.

तर आज एक उतरवली होती. पिशवीतून ती काढून त्यांनी टेबलावर ठेवली, भोपळ्याच्या शेजारी. सगळ्यात पहिली, शिंगाच्या मुठीची.

"ही तुमच्याकडे ठेवा विहीणबाई. तुमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. पवित्र जागी राहील."

"माझ्या देवांना विचारायला हवं," मी म्हटलं. "त्यातले एकदोन अगदीच शांत स्वभावाचे आहेत."

लेक छकुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीचा चेहरा लालबुंद, आवाज बसायला आलेला. लेकीने आधी भोपळा पाहिला, मग त्यातली सुरी, मग शेजारची खुकुरी.

"धन्य आहे! घरात एवढं पोलाद, आणि भोपळा चिरायला कुणी नाही."

"भोपळा?" व्याहीबुवांनी खुकुरीवर हात ठेवला, जणू तिने हे ऐकू नये. "हिने? अगं, हिच्या पात्यावर एका माणसाने अख्खे दिवस घालवलेत."

"आणि छकुलीने सकाळपासून काही खाल्लं नाही."

"पण एकदा बाहेर आली की रक्त..."

"मग आज भोपळ्याचं चाखू दे!"

एवढ्यात छकुलीने आजोबांना ओळखलं. दोन्ही हात पुढं केले आणि मोठ्याने भोकाड पसरलं. व्याहीबुवांचं सगळं तत्त्वज्ञान तिथंच गळालं. "चिरतो, चिरतो, आजोबा चिरतो, रडू नको बाळा," असं म्हणत त्यांनी उजव्या हाताने मूठ धरली, डाव्या हाताने म्यान धरलं आणि ओढलं. डोळे नातीकडे.

डावा हात धारेच्या बाजूने होता.

ते "स्स" म्हणाले नाहीत. म्यानाची शिवण उसवून पातं बाहेर आलं होतं आणि अंगठ्यातून रक्ताची धार लागली होती. खरीखुरी. थेंब टेबलावर पडले तेव्हा ते पांढरेफटक पडले आणि मी खुर्ची पुढं सरकवली म्हणून बरं. खुकुरी हातातून लेकीने काढून घेतली.

"पट्टी! आई, पट्टी कुठंय?"

"कपाटात, वरच्या..." मी वळले. पण माझ्या आधी व्याहीबुवांनी तोडगा काढला. त्यांनी डाव्या तर्जनीची पट्टी दातांनी सोडवली, उजव्या हाताने ओढून काढली, आणि अंगठ्याला गुंडाळली.

तर्जनी आमच्या सगळ्यांसमोर उघडी पडली. गुळगुळीत. एक ओरखडा नाही. फक्त पट्टीखाली राहून राहून कातडी पांढरी पडलेली, पावसात राहिलेल्या पायांसारखी.

आमचे हे वर्तमानपत्रामागून बघत होते. त्यांनी वर्तमानपत्र हळूच वर केलं. ते हलत होतं, आणि वारा नव्हता.

लेकीने तर्जनी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. ती माझी लेक आहे, चांगलं वळण लावलंय. ती बोटाबद्दल अवाक्षर बोलली नाही. छकुलीला माझ्याकडे दिलं, भोपळ्यातून माझी सुरी झटका देऊन उपटली, भोपळा फळीवर नीट बसवला, खुकुरी नळाखाली धुऊन घेतली आणि तिचा एकच घाव घातला.

खच्च. दोन भकलं. बिया सांडल्या. फळीवर एक सरळ रेघ.

व्याहीबुवा खुर्चीत ताठ झाले. अंगठा हवेत धरलेला, डोळे चमकत. "बघितलंत? बघितलंत विहीणबाई? नुसतं वजनावर गेली! पुढचा भार तिला खाली ओढतो. अगं सूनबाई, मनगट काय छान ठेवलंस!" इतक्या वर्षांत त्यांनी खुकुरीला काही कापताना पाहिलंच नव्हतं. वाजवायला न शिकता बाजाच्या पेट्यांनी घर भरावं तसं. त्या क्षणी मला त्यांचा खरंच लळा लागला, देवाशपथ.

मग बोलता बोलता त्यांचं लक्ष म्यानाकडे गेलं. उचलून त्यांनी ते उजेडाला धरलं. शिवणीला बोटभर फट. तिच्यातून त्यांना पलीकडे छकुली दिसत असावी, कारण त्यांनी फटीला डोळा लावला. "म्यानात होती" म्हणणाऱ्याने ते म्यान फट खाली करून टेबलावर ठेवलं.

मी भोपळा उकडायला टाकला. लेकीने त्यांचा अंगठा धुऊन औषध लावलं. ते डोळे घट्ट मिटून छकुलीचा पाय धरून बसले होते. पट्टी नवी लावली. जुनी टाकायला नेताना ह्यांनी विचारलं, "ठेवायची का हो व्याही? संग्रहात?"

"टाका हो," व्याहीबुवा म्हणाले, आणि पहिल्यांदाच स्वतःवर हसले.

छकुलीने वाटीभर खाल्लं, पाव वाटी आजोबांच्या सदऱ्याला लावलं आणि त्यांच्या खांद्यावर झोपली. लेकीने नेहमीचा प्रश्न विचारला, पण आज आवाज हळू होता. "बाबा, भिंत?"

"नोकरीत असतानाची लोखंडी पेटी आहे. सगळ्या मावतात. मी मोजून बघितलंय कधीचंच," ते म्हणाले. "आणि तुझ्या सासूचा फोटो परत जागेवर लावीन म्हणतो. फोटो पडला तर कुणाला लागत नाही."

"काच असते बाबा."

"मग काच काढतो."

खुकुरी मी पुसून, तेल लावून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडेच सरकवली. "ही नका देव्हाऱ्याखाली ठेवू विहीणबाई. ओट्यावरच्या उंच फळीवर ठेवा. भोपळा आणाल तेव्हा मला बोलवा, मी फक्त बघायला येईन."

त्यांनी झोपलेली पोर लेकीच्या हातात दिली, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि चपला चढवल्या.

"कुठं निघालात एवढ्यात? चहा ठेवलाय," मी म्हटलं.

"नंतर घेतो. दुकान बंद व्हायच्या आत पेटीला कुलूप आणायचंय."